धारवाडचा पेढा आणि माझी मावशी

माझी मावशी कृष्णाबाई भांडखोर होती, हे मी प्रेमानेच सांगतो. हुबळीच्या कापडबाजारात चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी घासाघीस करून तिचा आवाज असा तयार झाला होता, की ती नवनगरच्या वृद्धाश्रमात आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांनी कानातली यंत्रं काढून ठेवली.

तिथे माणसांचं मन रमावं म्हणून बरंच काही चालायचं. मंगळवारी भजन, शुक्रवारी हास्ययोग. धारवाडचे वकील विठ्ठलराव मात्र कशातच नसत. पत्नी मालतीबाई गेल्यापासून आठ महिने ते कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते. हास्ययोगाच्या बाईंनी त्यांच्यासमोर पोट धरून हसून दाखवलं. खोट्या साक्षीदाराकडे पाहावं तसं त्यांनी बाईंकडे पाहिलं.

एकदा चहाच्या वेळी मावशीने मोठ्याने जाहीर केलं, "धारवाडचा पेढा म्हणजे करपलेला खवा. उगाच नाव झालंय."

कोपऱ्यातून घोगरा आवाज आला, "करपलेला आणि खरपूस परतलेला, यातला फरक हुबळीच्या धुळीत वाढलेल्यांना कळायचा नाही."

सगळ्यांचे कप थांबले. मावशी पदराआड हसली आणि लगेच कडाडली, "वकीलसाहेब, धूळ आहे तिथेच बाजार असतो. तुमच्याकडे नुसता पाऊस आणि कवी!"

मग रोज चार वाजता खटला उभा राहू लागला. विठ्ठलराव दाढी करून, मुद्दे कागदावर लिहून येत. मावशी मला फोनवर सांगायची, "आज मी मुद्दाम हरले रे. काल ते जेवले नव्हते."

हे मिटायचा दिवस ठरलेला होता, दसरा. आमच्याकडे त्या दिवशी बन्नीची, म्हणजे शमीची पानं हातात देऊन म्हणतात, 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण', बन्नी घेऊन सोन्यासारखे राहूया. एवढं झालं की वर्षभराचं भांडण खलास. "तेव्हा पेढ्याला चांगलं म्हणेन," असं मावशीने कबूल केलं होतं.

दसऱ्याआधी पाच दिवस तिला पक्षाघात झाला. वाचा गेली.

दसऱ्याला विठ्ठलराव कोट घालून, मुठीत बन्नी घेऊन तिच्या खाटेशी आले. मावशीने डावा हात पुढे केला. तेवढाच हलत होता.

विठ्ठलरावांनी पानं खिशात घातली. "देणार नाही. एकतर्फी निकाल मला चालत नाही. उठा, चहाला या, बाजू मांडा."

"काका, द्या हो," मी चिडून म्हणालो.

"दिली तर या जातील," ते हळू म्हणाले. "मालतीशी मी सगळं मिटवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेली."

मावशीच्या ओठांची एक बाजू हलली. तिने हात खाली घेतला.

ती आणखी अकरा दिवस होती. रोज चार वाजता विठ्ठलराव खाटेशी बसून हुबळीला नावं ठेवत.

तिची ट्रंक न्यायला गेलो तेव्हा ते कोपऱ्यात बसले होते, दाढी वाढलेली, खिशातून बन्नीची सुकी काडी डोकावत होती. चहा निवला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, धारवाडचा पेढा म्हणजे करपलेला खवा."

त्यांनी वर पाहिलं. "मोठ्याने म्हण. ती ओरडायची."

मी पुन्हा सुरुवात केली, पण पेढ्यापर्यंतच पोचलो.