मोकळी सोडलेली फट

कॉव्हेंट्रीत पीएचडी करताना, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात शिरलो. शाळेत कधीही मैदानावर न उतरलेल्या माणसाने हे का करावे, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा बचावाचे तर्कशास्त्र मला भावले असावे. समोरच्या रांगेत माणसामाणसांमध्ये फटी असतात. प्रत्येक फटीवर आपला एक गडी नेमलेला असतो, आणि चेंडू कुठेही जाताना दिसो, त्याने ती सोडायची नसते. सगळ्यांच्या मागे सेफ्टी, म्हणजे शेवटचा राखणदार. ती जागा मला मिळाली होती, ताकदीपेक्षा अभ्यासावर. उन्हाळ्यात माझे शिक्षण संपणार होते. उरलेले सामने हेच काय ते माझे खेळणे.

माझ्यापुढे, मधल्या फटीवर नेमलेला, लाइनबॅकर होता; स्लाऊच्या एका मराठी डॉक्टर दांपत्याचा, तिथेच जन्मलेला मुलगा. संघाचा लाडका. मला दादा म्हणे. आपली फट सोडून चेंडूमागे धावायची त्याला खोड होती, आणि त्या रविवारच्या सामन्यात ती सुरुवातीला फळलीही. बाहेर टाळ्या पडल्या.

मध्यंतरात मी त्याला म्हणालो, "तुझी जागा सोडू नकोस."

"दादा, चिल. मी त्यांना बरोबर रीड करतोय."

शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांनी डावीकडे धावण्याची हूल दिली. हा डावीकडे सुटला. त्याच्या रिकाम्या फटीतून त्यांचा आडदांड धावपटू चेंडू घेऊन थेट माझ्यावर आला. माझ्या हाती त्याच्या जर्सीचे टोक तेवढे लागले. आम्ही हरलो.

मंगळवारी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला गेला. कॅमेरा कोणाची तरी मैत्रीण धरत असे. हुलीला तीही फसली होती. पडद्यावर आधी डावी बाजू, मग एकदम मी, चिखलात पालथा. फट रिकामी झाली तो क्षण टिपलाच गेला नव्हता. बचावात चुकणारा आणि दिसणारा हे बहुधा निराळे असतात.

"मधल्या फटीवर कोण होतं?" मी विचारले.

"शेवटचा माणूस तू होतास," प्रशिक्षक म्हणाला, आणि तोच तुकडा त्याने पुन्हा लावला.

लाइनबॅकर पडद्याकडे पाहत राहिला. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अनलकी, दादा. ग्राउंड खूप स्लिपरी होता."

त्याच आठवड्यात प्रशिक्षकाने माझी जागा दुसऱ्याला दिली. "पण बचावाची आखणी तूच करून दे," तो म्हणाला. "हा खेळ तुझ्याइतका इथे कोणालाच कळत नाही."

मी नाही म्हणालो. आवाज इतका खाली गेला होता की त्याने "काय?" असे विचारले, आणि मला ते पुन्हा म्हणावे लागले. त्यानंतर संघातून मला कोणाचाही फोन आला नाही.