नहरातल्या चुली

देवकीमायचं लग्न झालं त्याच साली आमच्या गावाजवळ नहराचं खोदकाम येऊन पोचलं. धरणाचं पाणी त्यातून नागपूरला जाणार होतं, वाटेतल्या वावरांनाही मिळणार होतं. तिचा नवरा रामाजी तिथं कुदळ चालवायचा आणि ती घमेल्यानं माती काठावर नेऊन टाकायची. नहर आपल्या हातचा आहे असं ती आजही सांगते, आणि ते खरंच आहे.

खोदता खोदता तिच्या लक्षात आलं की गाव राहतंय या अंगाला आणि सगळ्यांची वावरं पल्याड. पूल होता, पण पार शेजारच्या गावाच्या हद्दीत. रामाजी म्हणाला, साहेबलोकांनी ठरवलं असेल काही. मुकादम म्हणाला, नकाशात इथं पूल नाही. गावचे चार जण साहेबांना भेटून आले, ‘बघू’ असं उत्तर मिळालं आणि तेवढ्यावर सगळे गप्प बसले.

पाणी सोडायचं ठरलं त्याच्या आदल्या सकाळी देवकीमाय विटा, सरपण आणि डाळ-तांदूळ घेऊन कोरड्या नहरात उतरली. तिच्यामागून सासू तुळसाबाई उतरली. सासूच उतरली म्हटल्यावर बाकीच्या बायांना घरी थांबायचं कारणच उरलं नाही. दुपारपर्यंत नहराच्या तळाशी चुलींची रांग लागली होती. रामाजी मात्र घराबाहेर पडला नाही आणि त्या दिवसापासून बायकोशी बोलेनासा झाला.

साहेब जीपनं आले. तरुण होते. काठावरून न ओरडता खाली उतरले आणि पाणी अडवून काय मिळणार, असं त्यांनी विचारलं.

“पाणी आमाले बी पाहिजे, नागपूरच्या लोकायले बी पाहिजे,” देवकीमाय म्हणाली. “आमी काहून अडवू? पण घर अल्याड अन् वावर पल्याड. डोक्यावर भारा अन् कडेवर लेकरू घेऊन मी कुठून येऊ, ते तुमी सांगा.”

तुळसाबाईनं त्यांना वरणभात वाढला. जेवून ते दोन्ही काठ फिरून आले. मोठा पूल मंजूर व्हायला वेळ लागेल, म्हणाले. उरलेल्या दगड-सिमेंटात माणसांपुरता पूल होईल, तोवर पाणी थांबवतो, पण मजूर कुठून आणू?

“मग आमी काय करून राहिलो इथं, साहेब?”

पूल झाला. पाणी नागपूरला थोडं उशिरा पोचलं. काठोकाठ भरलेला नहर पाहायला गेल्यावर रामाजीनं इतक्या दिवसांचा अबोला सोडला आणि तुला भेव नाही वाटलं का, असं विचारलं. वाटलं, पण मागं वळून पाहिलं तर सासू उभी होती, असं तिनं सांगितलं.

त्या पुलावरून बैलगाडी जात नसे. मोठ्या पुलाचं बोलणं गाव विसरून गेलं, देवकीमाय विसरली नाही. दोन वर्षांपूर्वी नहराच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा सत्तरी ओलांडलेली ही बाई सून कामिनीला घेऊन नागपूरच्या कार्यालयात गेली. या खेपेला चूल मांडावी लागली नाही. तिथल्या इंजिनियरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात जागा पाहायला आल्या.

रुंद पूल मागच्या दिवाळीत सुरू झाला. रामाजी आता नाही. ट्रॅक्टर कामिनी चालवते, देवकीमाय बाजूला बसते आणि पूल चढताना सावकाश घे म्हणून बजावते.