न जुळणारी सही

परकीय चलनाच्या त्या दुकानात काउंटर चार होते, पण कटकट करणारं गिऱ्हाईक आलं की सगळे तीन नंबरकडे बोट दाखवायचे. तिथे भिंगबाई बसायची. फॉर्मवरची सही पासपोर्टवरच्या सहीशी भिंग धरून ताडून बघायची, म्हणून हे नाव. जगभरच्या नोटा हाताळण्यात बाईची सव्वीस वर्षं गेली होती आणि स्वतः मात्र विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्या दिवशी दुपारी काचेपलीकडच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, शेजारी त्यांची बायको. गृहस्थांचे केस गेले होते, पाठ वाकली होती, पण आवाज तोच.

"जरा लवकर आटपा. पहाटे विमान आहे आमचं."

तिने ताबडतोब ओळखलं. तिच्या कॉलेजचे प्राचार्य!

"कुठे निघालात सर?"

"पुतणीकडे. मोठी शास्त्रज्ञ आहे तिकडे. स्कॉलरशिपवर गेली होती, स्वतःच्या हुशारीवर."

हुशारीवर! भिंगबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ती स्कॉलरशिप हिची होती. कॉलेजात पहिली आली होती ही. अर्जावर प्राचार्यांची सही तेवढी हवी होती. नऊ दिवस ही त्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसली आणि नऊही दिवस 'उद्या ये' ऐकून घरी गेली. दहाव्या दिवशी मुदत संपली, आणि यादीत नाव झळकलं ते पुतणीचं. वडील म्हणाले, जाऊ दे. हिने अठ्ठावीस वर्षं जाऊ दिलं नव्हतं.

सापडलास बरा, ती मनात म्हणाली. आता रिकाम्या हाताने नाही परत पाठवलं तर नाव बदलेन.

फॉर्म आला. पासपोर्टवरची सही ठसठशीत, फॉर्मवरची कापरी. वयाने हात थरथरत होता बिचाऱ्याचा. बिचारा कसला!

"सही जुळत नाही सर. दुसरा फॉर्म भरा."

दुसरा झाला, तिसरा झाला. पाचव्याला सहीची शेपटीच गायब. "नियम आहे, मी तरी काय करू?" भिंगबाई साखरेत घोळून म्हणाली. सहाला दुकान बंद व्हायचं, आणि पाच तर वाजून गेले होते. प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला, पेन दोनदा खाली पडलं. ते वाकून उचलताना बघून हिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

सातवा फॉर्म परत केला, तेव्हा म्हातारा चक्क खूश झाला.

"शाबास! काम असंच चोख हवं. मीही आयुष्यात कधी डोळे मिटून सही केली नाही."

झालं! भिंग टेबलावर आपटून बाई उभी राहिली.

"नाहीच केलीत! माझ्या अर्जावर नाही केलीत! नऊ दिवस मला बाकावर बसवलंत आणि माझी जागा पुतणीच्या घशात घातलीत!"

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. प्राचार्यांनी चष्मा सारखा केला.

"तुम्ही कोण? नाही बुवा आठवत. किती मुली यायच्या, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?"

खोटं बोलत नव्हता मेला, त्याला खरंच आठवत नव्हतं. जिच्यासाठी हिने रात्रंदिवस दात-ओठ खाल्ले, ती गोष्ट त्याच्या खिजगणतीतही नव्हती. भिंगबाई रडायच्या बेताला आली.

"मला आठवतंय," त्यांची बायको पहिल्यांदाच बोलली. "पुतणीचा अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला यांनी. मी विचारलं, ती रोज येऊन बसणारी मुलगी, तिचं काय? म्हणाले, तुला काय कळतंय!"

मग तिने पिशवीतून स्वतःचा पासपोर्ट काढून काचेखालून सरकवला. "ताई, माझ्या नावावर मिळेल का चलन?"

मिळत होतं की! दोघंही प्रवासाला निघाले होते, त्यामुळे बायकोच्या नावावरही मिळालं असतं. पहिल्या फॉर्मलाच सांगता आलं असतं, पण भिंगबाईने मुद्दाम तोंड शिवलं होतं. आता हो म्हणावं तर हातात आलेला सूड पाण्यात जाणार.

"सगळं माझ्या एकटीच्या नावावर," काकू तिच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या. "यांच्या नावावर काही नको."

भिंगबाई खाली बसली. "मिळेल काकू."

काकूंची सही पहिल्या फटक्यात जुळली. नोटा बाहेर आल्या तसा प्राचार्यांनी सवयीने हात पुढे केला. काकूंनी नोटा आपल्या पर्समध्ये घातल्या आणि चेन ओढली.

"पैसे लागतील तेव्हा मागा," त्या म्हणाल्या. "कशाला हवेत ते सांगायचं, मला पटलं तर देईन. उरलेले आणून द्यायचे. चाळीस वर्षं मी तुमच्याकडे असंच मागत आले, दोन महिने तुम्ही मागून बघा."

प्राचार्यांचा हात तसाच पुढे राहिला. भिंगबाईने पावती काकूंच्या हातात दिली.