ओळखीची खूण

नाव नूरबी, वय बावन्न, राहणार टेंभुर्णी. धंदा मिरची कांडप. ओळखीची खूण: डाव्या नाकपुडीतून निघून गालावर चिकटपट्टीने डकवलेला पांढरा दोरा.

खूण बुधवारची. नाकातलं रक्त थांबेना म्हणून जालन्याच्या डॉक्टरांनी आत दोरा बांधलेलं कापडी पॅकिंग भरलं आणि बजावलं, "शुक्रवारी मीच काढणार. दोऱ्याला हात लावायचा नाही." मागच्या खेपेला तिने त्याच संध्याकाळी तो ओढला होता. पुन्हा रक्त सुटलं आणि दवाखाना येईतो जीपची सीट भिजली.

घर म्हणजे कांडपाच्या यंत्रामागची एक खोली. हंगामात यंत्र बंद ठेवलं तर गिऱ्हाईक परतत नाही, म्हणून सून साजिया ते चालवत होती. बाहेरचं एप्रिलचं ऊन डॉक्टरांना नामंजूर. श्वास तोंडाने घ्यायचा, तर प्रत्येक श्वास तिखट. नूरबी दार लावून स्वतःच्या हातांवर बसून राहिली.

मिरच्या घेऊन आलेली बेबीनंदा खिडकीतून म्हणाली, "भाभी, एवढा त्रास होऊन राह्यला तर टाका ना ओढून."

"मंग तुम्ही येता का माझ्या बराबर जालन्याला?"

"आज न्हाई जमत. मिरच्या कांडायच्यात."

तेवढ्यात नूरबीला शिंक आली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं तिने तोंड वासलं आणि शिंक तोंडावाटे जाऊ दिली. पाठोपाठ हात दोऱ्याकडे निघाला. तिने तो परत मांडीखाली दाबला.

शुक्रवारी डॉक्टरांनी ओळखीची खूण ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. रक्त आलं नाही.