सत्तावीस तुकड्यांचं घर

दौलूनाना सुतार रोज सकाळी आपलं घर मोडून पेटीत भरत. हे मी गमतीनं सांगत नाही. शिराळ्याच्या अलीकडच्या त्या गावात मी मास्तर होतो त्या साडेतीन वर्षांत, शाळेच्या ओसरीवर उभा राहून दात घासता घासता मी हा कार्यक्रम पाहिला आहे. आधी ताडपत्री झटकून घडी व्हायची. मग चार खांब, प्रत्येकाचे दोन दोन तुकडे. मग खाटेच्या तीन चौकटी आणि तिचे सहा पाय. मग टेबल, आणि सगळ्यांत शेवटी, त्यावर बसून बाकीचं आवरायचं म्हणून, तिवई. प्रत्येक लाकडी तुकड्यावर तापल्या सळईनं आकडा डागलेला होता आणि प्रत्येकाची पेटीतली जागा ठरलेली होती. सव्वीस तुकडे आत गेले की नाना सत्तावीस नंबरची खुंटी कानावर अडकवत, झाकणावर गुडघा देऊन ते दाबत, मग कानावरची खुंटी काढून कडीत घालत आणि मुठीनं एक ठोसा देत. झालं. अख्खं घर दोन हात लांबीच्या, पट्ट्यानं खांद्याला लावता येईल अशा पेटीत बंद.

"पेटी बंद हाय म्हंजे माणूस सुटा हाय, मास्तर," ते मला ओरडून सांगत आणि त्याच पेटीवर बसून बिडी पेटवत. तोंड शिराळ्याच्या रस्त्याकडं. बिडी संपेपर्यंत ते खरोखरच सुटे असत. मग कोणीतरी मोडकं औत खांद्यावर घेऊन यायचं.

गावाला नवीन असताना मला वाटलं, या माणसाला घर नाही. तर घर होतं, त्या ताडपत्रीच्या पालापासून दहा पावलांवर! त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे त्यांचंच. त्यात त्यांच्या विधवा वहिनी पारूबाई आणि पुतणी हौसा राहत होत्या. नाना जेवायला आत जात आणि हात धुऊन बाहेर येत. निजायला पालात. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्या घरात एकडाव पाठ टेकली की मी ह्या गावचा सुतार झालो बघा. मग माजं मडंच भाईर येनार."

लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला होते. तिथं साहेबलोकांची मोडून नेता येणारी टेबलं, खुर्च्या, खाटा बनवायचं काम त्यांच्या हाताखाली चाले. "आमचा साहेब लय वंगाळ तोंडाचा, पर एक गोष्ट शिकवली त्यानं," नाना सांगत. "म्हनायचा, जे उचलता येत न्हाई ते आपलं न्हाई." लढाई संपली आणि ते परत आले, तर महिन्याभरात भाऊ गेला. भावानं मरताना हात धरून वहिनीला आणि पोरीला सांभाळायचं वचन घेतलं. सांभाळायचं म्हणजे काय, तर बलुतं चालवायचं. गावाची औतं, पेरायच्या पाभरी, मोटेची चाकं वर्षभर धड ठेवायची आणि सुगीत खळ्याखळ्यावरून आपल्या वाट्याचं धान्य आणायचं. घराची जागासुद्धा गावानं सुताराला दिलेली. सुतार गेला की दुसरा सुतार आणणार, आणि पारूबाईंचं बिऱ्हाड रस्त्यावर.

इकडं शिरवळला त्यांच्या पलटणीतल्या एका जोडीदारानं मोटारींच्या लाकडी बॉड्या बांधायचा कारखाना काढला होता. त्याची कार्डं येत. नानांना आकडे येत, अक्षरं येत नसत, म्हणून ती मी वाचून दाखवायची. "तुझी जागा राखून ठेवली आहे. कधी निघतोस?" कार्ड ऐकून नाना टाळूवरून हात फिरवत आणि म्हणत, "लिवा मास्तर. पेरा झाला की निगतो." मी लिहायचो. चार महिन्यांनी परत कार्ड यायचं, आणि मी लिहायचो, सुगी झाली की निघतो. मग उसाची गुऱ्हाळं झाली की निघतो. मग पुन्हा पेरा. अशी किती कार्डं मी खरडली ते मला सांगता येणार नाही, पण पुढं पुढं मी नानांना विचारण्याआधीच निम्मं लिहून ठेवत असे.

मला हे जमायचं, कारण माझंही तसंच होतं. मी सांगलीचा, कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी हिंडणारा माणूस. त्या गावात पाच वाजले की करायचं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बदलीचे अर्ज करायचो, नाना शिरवळचा जप करायचे, आणि आम्ही दोघं त्या पेटीवर शेजारी शेजारी बसून एकाच रस्त्याकडं बघायचो. मला त्या माणसाचा कधी कधी रागही यायचा. निघायचं तर निघा ना एकदाचे! रोज ही सर्कस कशाला? पण ज्या दिवशी नानांनी पेटी भरली नसती त्या दिवशी मीही अर्ज करणं सोडलं असतं, हे मला आत कुठंतरी माहीत होतं.

गावानं त्यांना कधीही अडवलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पाटील म्हणजे तर मोठा मायाळू माणूस. एकदा मिरगाच्या तोंडावर नाना पेटी खांद्याला लावून खरंच रस्त्याला लागले होते. पाटील समोरून पाभर घेऊन आले.

"निगालास व्हय रं दौलती?"

"व्हय पाटील. निगालो."

"जा की. कोन आडवतंय? तेवडं हे चाडं फुटलंय बघ. उद्या पेऱ्याची पहिली मूट धरायची हाय. सुताराचा हात लागल्याबिगर आमच्यात कुनी चाड्यावर मूट धरत न्हाई, तुला ठावंच हाय. न्हाई लागला तर न्हाई. तू जा."

बी पेरायची ती लाकडी वाटी पाटलांनी नानांच्या हातात दिली. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली, बोटानं चीर चाचपली. मग पेटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तीस जण आपापली पाभर घेऊन सुतारमेटावर, नानांच्या कामाच्या जागी, उभे होते. प्रत्येकजण म्हणत होता, कोन आडवतंय?

शेवटी नानांनीच तोड काढली. हौसाला सुताराचाच मुलगा बघायचा आणि तो घरजावई आणायचा. जावई बलुतं चालवील, वहिनी घरातच राहतील, आणि आपण मोकळे! नागपंचमीला शिराळ्याच्या गर्दीत त्यांनी शंकर नावाचा पोरगा हेरला. नाग बघायला सगळं गाव लोटलं होतं, आणि हा एका मोडक्या गाडीचा आस निरखत बसला होता. "त्याचे हात बघा मास्तर," नाना मला म्हणाले. "लाकूड धरतोय ते वासरू धरल्यागत." तुळशीची लग्नं झाली आणि हौसाचं लग्न लागलं. शंकर घरात आला. त्या खेपेचं कार्ड मी न कंटाळता लिहिलं: एक साल जावयाला गावचं काम दाखवतो आणि येतो.

गावचं काम शंकर दोन महिन्यांत शिकला. मग नानांनी जे केलं ते त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. संध्याकाळी काम सुटलं की ते शंकरला पेटी दाखवायला लागले. कुठला तुकडा कुठल्या खाचेत, सांधा खिळ्याशिवाय कसा बसतो, ओझं कुठल्या तुकड्यानं पेलायचं. शंकर डोळे फाडून ऐकायचा. मग बसऱ्याच्या गोष्टी, आगबोटीच्या गोष्टी, शिरवळच्या कारखान्याच्या गोष्टी. शिकवायला मिळालं की माणूस किती खुलतो हे मी मास्तर असून त्यांच्याकडं पाहून शिकलो. शंकरनं तशीच एक तिवई बनवून दाखवली, तेव्हा नानांनी ती शाळेत आणून साऱ्या पोरांना दाखवली. पुढचं मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

वर्ष भरत आलं होतं. एका सकाळी नाना पेटी भरत असताना हौसा आणि शंकर समोर येऊन उभे राहिले. हौसाला दिवस गेले होते. मी ओसरीवरच होतो.

"काका," हौसा म्हणाली, "आमी जातो."

"कुटं?"

शंकर खाली बघत म्हणाला, "तुमीच सांगता न्हवं, सुटं असावं मानसानं. मी जलमभर हितं पाभरीच नीट करू व्हय नाना? मला न्हाई जमायचं ते."

नानांनी हातातली खाटेची चौकट पेटीत ठेवली, ती चुकीच्या जागी. मग काढून बरोबर जागी ठेवली.

बातमी पाटलांपर्यंत गेली आणि चावडीपुढं माणसं जमली. घरजावई म्हणून चार माणसांत कबूल होऊन आलेला पोरगा जातो म्हणजे काय? पाटील प्रथमच चिडलेले मी पाहिले. "दौलती, तू नुसतं हो म्हन. बांदून घालतो त्याला. सबूद दिलाय त्यानं."

नानांनी एक शब्द उच्चारला असता तर शंकर अडकला असता आणि ते सुटले असते. शिरवळची जागा अजून राखलेली होती, पेटी भरलेली होती. मी, खोटं कशाला बोलू, मनात म्हणत होतो, हो म्हणा नाना, हो म्हणा.

नाना उठले. "जाऊ द्या त्याला, पाटील," ते म्हणाले. "कोन आडवतंय?"

पाटलांनी मान खाली घातली.

तिथून ते सरळ माझ्याकडं आले, कोरं कार्ड घेऊन. "लिवा. माज्या जागी माजा जावई येतोय. माज्यापरीस हात चांगला हाय त्याचा. राखलेली जागा त्याला द्यावी." मी लिहिलं. माझ्या साऱ्या नोकरीत मला लिहिणं एवढं जड कधी गेलं नाही. पत्ता लिहून झाल्यावर नाना म्हणाले, "आनि एक. शिरवळला खोली मिळंस्तवर पोरगी दोनजिवाची भुईला निजंल. तवा पेटी ती दोघं घिऊन जातील."

सर्व्हिस मोटार सकाळी गावाच्या फाट्यावर येई. पेटी नानांनी स्वतः खांद्यावर नेली. हौसा रडत होती, पारूबाई रडत होत्या, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. त्या धांदलीत नानांनी झाकण दाबलं, वरून दोर आवळला, पलटणीतली गाठ मारली आणि पेटी टपावर चढवली. मोटार गेली. धूळ खाली बसली तेव्हा मी नानांकडं पाहिलं. सत्तावीस नंबरची खुंटी त्यांच्या कानावर तशीच होती.

त्यांना ती घरी गेल्यावर सापडली.

त्या दिवसापासून नाना घरात निजू लागले. सकाळी मात्र ठरल्या वेळी बाहेर येत आणि पाल असायचं त्या जागी थोडा वेळ उभे राहत. आवरायला काही नसे. मग तिथंच उकिडवे बसून कामाला लागत. मी दात घासायला मागच्या दारी जाऊ लागलो.

पुढच्याच उन्हाळ्यात माझी बदली वाईला झाली. इतकी वर्षं जिच्यासाठी अर्ज केले ती बदली हातात आली आणि मला नानांना सांगायची लाज वाटली. त्यांनी मला फाट्यावर पोचवलं, माझी ट्रंक मला उचलू दिली नाही. मोटार आली तेव्हा कमरेची पिशवी सोडून त्यांनी ती खुंटी माझ्या हातात ठेवली.

"वाईपास्नं शिरवळ लांब न्हाई म्हंत्यात. शंकरला द्या. हिच्याबिगर पेटी मिटत न्हाई. पोराला निगायची येळ आली तर अडून बसंल."

दिवाळीच्या सुट्टीत मी शिरवळला गेलो. शंकर कारखान्यात होता. हौसानं चहा केला. खोली लहान पण स्वच्छ होती, आणि पेटी उलगडलेली होती. खाटेचे सहा पाय हलू नयेत म्हणून त्यांत जाडजूड खिळे ठोकले होते. टेबलावर चूल-भांड्यांचं सामान होतं. ताडपत्री कौलांखाली गळतीला लावली होती. पेटीच्या खोक्यात गोधडी घालून हौसाचं बाळ निजलं होतं. झाकण काढून त्याची फळी केली होती.

"मिटत नाही का कधी?" मी विचारलं.

हौसा हसली. "मिटायची कशाला मास्तर? आता कुटं जायाचं हाय आमाला?"

इतक्या महिन्यांत खुंटी नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती आनंदात होती, बाळ गुटगुटीत होतं, यात वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. खुंटी काढायला खिशात घातलेला हात मी रिकामाच बाहेर काढला.

वाईला परतल्यावर मी नानांना कार्ड टाकलं. गावात नवे मास्तर आले होते, ते वाचून दाखवणार होते. मी लिहिलं: खुंटी पोचली, बरोब्बर बसली. पेटी बंद आहे.

नव्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. "ऐकून बरे वाटले. पेटी बंद आहे म्हणजे पोरगा सुटा आहे. मला तेवढेच पाहिजे होते."

त्यानंतर दर पेऱ्याला त्यांचं कार्ड यायचं. बाकी मजकूर बदलायचा, पण शेवटी विचारलेलं असायचं, पेटी बंद आहे ना? आणि मी लिहायचो, बंद आहे. एकेकाळी त्यांच्यासाठी शिरवळला खोटं लिहिलं, आता शिरवळबद्दल त्यांना खोटं लिहीत होतो. एका पेऱ्याला कार्ड आलं नाही. मग नव्या मास्तरांचं आलं. नानांनी पाटलांचं चाडं नीट करून दिलं, घरात जाऊन आडवे झाले आणि उठले नाहीत, असं त्यात होतं. गावानं त्या दिवशी मूठ धरली नाही.

खुंटी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा नातवानं विचारलं, ही कशाची? त्याला मी पेटीचं सगळं सांगितलं, शिरवळचं सोडून.