मामांचा खुबा

स्वतःच्या एका सांध्यावर इतकी कडक देखरेख ठेवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. मामा माझ्या आईचे चुलतभाऊ, धाड गावी राहतात. सगळी नोकरी बसडेपोत फिटर म्हणून झाली. डावा खुबा निकामी झाला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी तिथे धातूचा सांधा बसवला आणि दरवर्षी एक्स-रे व प्रकृतीचा अहवाल पाठवायला सांगितलं. सांधा झिजून सैल झाला तर पुन्हा चिरफाड, पुन्हा कित्येक महिने खाटेवर. कशालाही न भिणारे मामा याला मात्र भितात.

म्हणून खुब्याला ते बसच्या बेअरिंगसारखं वागवतात. चिंच, लिंबू, लोणचं बंद, कारण आंबटानं धातू खाल्ला जातो. हा गंजत नाही असं डॉक्टरांनी कळवलं, तर म्हणाले, "बेअरिंगवालेही असंच सांगत व्हते." खिडकीत एक्स-रे चिमट्यांनी टांगलेले, पाहुण्यांना चहाआधी ते पाहावे लागतात. मग सगळ्यांनी गप्प बसायचं, मामा दोन चकरा मारणार आणि विचारणार, "आवाज येते का?" मला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांना त्यांनी खुब्याला कान लावायला सांगितलं होतं. लग्न जमलं नाही याचं मला दुःख नाही, पण कारण कोणाला सांगायचं?

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून अहवाल लिहिणं माझ्याकडे. मामा जीपनं बुलढाण्याला आमच्या घरी येऊन तीन-तीन पानं सांगत. "लिह्य, खुब्यातलं तेल बोटावर चोळून पाहा म्हना. चमकलं तं धातू झिजून राह्यला." मला लिहिताना घाम फुटे.

तिसऱ्या वर्षी मात्र आले, भिंत धरत पायऱ्या चढले आणि म्हणाले, "दोनच ओळी लिह्य. तब्येत ठीक. तरास नाही." चकरा नाहीत, आवाजाची चौकशी नाही.

"मामा, चालून दाखवता?"

"काऊन वं? तू डॉक्टर होय का?"

मी वाद घातला नाही. मला तो जमतही नाही. मी लिहिलं की हे भिंत धरून चालतात, उठताना मांडी दाबून धरतात आणि बसताना ओठ चावतात. पान भरलं. मामांनी चष्मा पुसला, कागद बराच वेळ पाहिला आणि सही केली.

मुंबईहून ताबडतोब बोलावणं आलं. सांधा सैल झाला होता, तो बदलला. ते परतल्यावर मी घाबरतच कबूल केलं की तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं नव्हतं.

"माह्यीत हाय," मामा म्हणाले. "इंग्रजी नाही येत मले. पन दोन ओळीनं पान भरत नाही, एवढं तं समजते."

तेव्हापासून ते मला काही सांगत नाहीत. माझ्यासमोर दोन चकरा मारतात, मी पाहते आणि लिहिते. यंदा त्यांनी एकच चक्कर मारली आणि खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहत राहिले. मीही अहवालात एकच चक्कर लिहिली.