गच्चीवरची पिवळी पानं

उन्हाळ्यात कुणाच्या कुंडीत पिवळं पान दिसलं, की घोडपदेवची ती मावशी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मेअधिक विसरूनही गेलो. ही केस मात्र डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच वस्तीत राहतात, त्यांना सुखानं राहू द्यावं.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. मे महिन्याची दुपार, ठाण्यातला पंखा नुसता गरम वारा फेकत होता. एक निवृत्त गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या केबिनमध्ये आले आणि आधी दार लोटून घेतलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

"साहेब, हे झाड ओळखता?"

ओळखलं. पोलिसाला ते ओळखू येणारच. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत गांजाची सहा झाडं, छातीइतकी उंच. खालची पानं मात्र पिवळी पडून लोंबत होती. गृहस्थ घरच्या घरी बाग करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होते. त्याच ग्रुपवर एका बाईंनी हा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "माझ्या झाडांची पाने पिवळी पडत आहेत. ऊन फार आहे. कृपया उपाय सांगा."

त्याखाली सल्ल्यांची नुसती रांग. कुणी म्हणे शेणखत घाला, कुणी म्हणे आंबट ताक घाला, कुणी कांद्याच्या सालींचं पाणी. एकानं ऊन फार आहे, पाणी वाढवा म्हणून बजावलं होतं. एका ताईंना तर नजर लागल्याचा संशय होता, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका म्हणाल्या. झाड कसलं आहे, हे एकाही शहाण्यानं विचारलं नव्हतं. मला हसू आवरेना.

"हसताय काय साहेब?" गृहस्थ घाम पुसत म्हणाले. "मीसुद्धा त्यांना गांडूळखत घाला म्हणून सांगून बसलो. नंतर फोटो मोठा करून पाहिला!"

ग्रुपमधली माणसं एकमेकांना बिया नेऊन देत असत, त्यामुळे बाईंचा पत्ता त्यांना ठाऊक होता. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. दोन पंच, एक महिला शिपाई आणि आमचा नवा उपनिरीक्षक असे आम्ही साध्या कपड्यांत निघालो.

जुनी चाळ पाडून बांधलेली चार मजली इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर आम्हाला एक म्हातारी दिसली. सत्तरीला आलेली, गाऊनवर टॉवेल टाकलेला, हातात भरलेली बादली. एकेक पायरी चढत होती आणि दर पायरीला "रामा रे" म्हणत होती. आमचा घोळका पाहून थांबली.

"ग्रुपवाले ना तुम्ही? बरा झाला बाबांनो आलात ते. चला, तुम्हीच बघा झाडांना काय झालंय."

आणि बादली पंचाच्या हातात देऊन ती पुढे झाली. छापा घालायला गेलेल्या पोलिसांना घरधनीण स्वतः मुद्देमालापर्यंत घेऊन जाते, असं माझ्या सगळ्या नोकरीत तेवढंच एकदा घडलं. वर तिनं आम्हाला सरबताचंही विचारलं.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. मावशी एकेक पान उलटून दाखवू लागल्या. "आधी खालची पिवळी झाली, आता वरपर्यंत चाललीत. दिवसातनं तीन वेळा पाणी घालतंय, तरी सुकतातच." मी मातीत बोट घातलं. माती कसली, चिखल होता तो, आणि त्याला कुजका वास येत होता.

मग मात्र मला माझी ओळख सांगावी लागली. झाड कसलं आहे तेही सांगितलं. मावशींनी पाठच्या कठड्याचा आधार घेतला.

"कुणी लावली ही?" मी विचारलं.

त्यांनी एकदा झाडांकडे पाहिलं आणि मान ताठ केली. "मी. मीच लावली. माझीच आहेत."

पंचनामा झाला. झाडं उपटून सील केली. शेजारची एक बाई तोवर वर आली होती, ती कुणी न विचारताच सुरू झाली. "आमच्याकडे पाणी येतं सकाळी तासभर. ही सगळं साठवते नि वर झाडांना ओतते. स्वतः तांब्याभर पाण्यात आंघोळ! किती भांडलो आम्ही हिच्याशी."

ठाण्यात आणल्यावर महिला शिपायासमोर मावशींचा जबाब घ्यायला बसलो. त्यांचं एकच पालुपद, झाडं माझी. उपनिरीक्षक खूश. "सर, कबुली आहे. गुन्हा दाखल करून टाकू."

"पोलिसापुढच्या कबुलीची कोर्टात किंमत काय, हे मी तुला शिकवू?" मी म्हणालो. पण पिंपं तिच्या घरची होती, पाणी तिच्या हातचं होतं. कायद्यात या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मावशी हाच हट्ट धरून बसल्या असत्या, तर उरलेलं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेलं असतं.

मी विचारलं, "बी कुठून आणलंत?"

"दादरच्या फुलबाजारातनं."

"दिसायला कसं असतं?"

"बारीक. काळा. सब्जासारखा."

गांजाचं बी तसं नसतं, ते गोल, तपकिरी असतं. मी चहा मागवला, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "मावशी, खोटं बोलायची सवय दिसत नाही तुम्हाला."

"देवाशपथ, आयुष्यात कधी बोललंय नाय!" त्या फणकारल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. महिला शिपाई हसू लपवायला खिडकीकडे वळली.

एव्हाना माझ्या डोक्यात उजेड पडला होता. त्या पिंपांना खालून भोकं पाडलेली होती, खाली विटा लावलेल्या होत्या, भोवती सावलीला जुनी साडी बांधायला तारा ओढलेल्या होत्या. ज्यानं हे केलं, त्याला झाडाची जाण होती. तो त्यात तीनदा बादल्या ओतून मुळं कुजवणार नाही. लावणारा हात एक, पाणी घालणारा हात दुसरा. घरात दुसरं कोण, हे शेजारणीनं आधीच सांगितलं होतं. नवरा गिरणीत होता, तो गेला. एकुलता एक मुलगा होळी झाल्यावर गोव्याला हॉटेलात कामाला लागला होता.

मी हळूच विचारलं, "मी येईपर्यंत झाडं मरू देऊ नको, असं सांगून गेला ना लेक?"

मावशी ढसाढसा रडल्या. "औषधी आहेत म्हणालेला. एवढा एकच काम सांगून गेलेला मला." मग डोळे पुसून त्यांनी माझा हातच धरला. "साहेब, मी सही करते. मलाच टाका आत. माझं काय, झालंय आता सगळं. त्याचं लग्न जुळतंय हो. त्याचं नाव नका घालू."

सूर्यास्ताआधी मी त्यांना ठाण्यापर्यंत सोबत आलेल्या शेजारणीबरोबर घरी पाठवलं आणि सकाळी यायला सांगितलं. मग मुलाला फोन लावला. लपवाछपवी केली नाही. "तुझी आई सांगतेय की झाडं तिनं लावली. उद्या ती सहीसुद्धा करील. तुला काही बोलायचंय?"

पलीकडे हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "येतो साहेब." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

"येतो कसला!" उपनिरीक्षक म्हणाला. "गेला तो कर्नाटकात." खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती. आईच्या पदराआड लपणारे तगडे पोरगे मी ढिगानं पाहिले होते.

सकाळी मावशी आधी आल्या. नीट साडी नेसून, हातात कापडी पिशवी. महिला शिपायानं पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, दोन साड्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या, तिथं मिळतील न मिळतील. तुरुंगात जायची तयारी करून आली होती बाई! ठाणे अंमलदार मुरलेला माणूस, तोसुद्धा खाली मान घालून बसला.

तेवढ्यात दारातून मुलगा आत आला. डोळे तांबारलेले, पाठीला बॅग, अंगात हॉटेलचाच शर्ट. मावशी ताडकन उठल्या आणि कशाला आलास म्हणून मालवणीत ओरडतच ती पिशवी त्याच्या दंडावर हाणली.

"कित्याक इलंस रे मेल्या? मी सांगलंय मा झाडां माझी म्हणान!"

"आये, गप बस," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "साहेब, मी लावली. हिला काय म्हणजे काय माहीत नाही." एवढं बोलून तो बाकावर बसला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

झाडं स्वतःपुरती लावली की विकायला, ते कोर्टानं पाहिलं आणि द्यायची ती शिक्षा दिली. त्यात मी ढवळाढवळ केली नाही. जुळत आलेलं लग्न मोडलं. मावशींचं नाव मात्र आरोपींत आलं नाही.

तो हजर झाला त्याच दिवशी त्याला कोर्टात न्यायला गाडी लागली, तेव्हा मावशी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, जामिनाचं विचारतील.

"साहेब, एक विचारू? ती पानं पिवळी कशानं पडत होती?"

"पाणी जास्त झालं, मावशी. मुळं कुजली."

त्या गाडीकडे पाहत राहिल्या. "ग्रुपवर सगळ्यांनी घाल, घाल म्हणूनच सांगितलं. बस कर असं कुणी म्हणालंच नाही." मग म्हणाल्या, "ह्याच्या बाबतीतपण माझं तसंच झालं. बाप नाही म्हणून मागेल ते देत गेले."

मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

निवृत्तीनंतर आता माझ्याही खिडकीत चार कुंड्या आहेत. पान पिवळं दिसलं की बायको म्हणते, खत घाला, पाणी घाला. मी आधी मातीत बोट घालून बघतो. माणसांच्या बाबतीत हे मला मावशींनी शिकवलं, फार उशिरा, पण शिकवलं.